फुकटचं ऑरेंज

दाताच्या डॉक्टरसमोर खोटं बोलायची लोकांना भारी हौस. वास्तविक तोंड वासून माझ्या खुर्चीत पडलेल्या माणसाने ही हौस करू नये, कारण त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याच्याच जबड्यात रांगेने उभा असतो. तरी सांगतात. "रोज दोन वेळा ब्रश करतो." "गोड मला मुळात आवडतच नाही." "कोल्ड्रिंक? छे हो, लग्नाकार्यात कधीतरी." मी दिवा सरळ करते, आरसा आत घालते आणि काही न बोलता कामाला लागते. तीसेक वर्षं डहाणूत हे काम केलं. त्या काळात माझा माणसांच्या बोलण्यावरचा विश्वास कमी झाला आणि दातांच्या बोलण्यावरचा वाढला.

दवाखाना बंद केल्यावर एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं हवं असतं." दिवाळीत लोकांना काय हवं असतं ते मला चांगलं माहीत आहे. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे किती गर्दी व्हायची ते मी पाहिलेलं आहे. तेव्हा गमतीदार जमेल तेवढं लिहिते. मधे राग आला तर आवरणार नाही.

पालघर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, मी आठवड्यातून एक दिवस तलासरीला बसायला लागले. हायवेच्या कडेला टायरवाल्याच्या दुकानावर एक खोली घेतली. खाली ट्रकची चाकं उघडायचा आवाज आणि वर माझं मशीन, त्यामुळे कोणाच्या किंकाळ्या कोणाला ऐकू जात नसत. सोबत वनिता. ती माझी मदतनीस, तलासरीजवळच्याच गावातली. तिला मराठी, गुजराती आणि पाड्यावरची बोली या तिन्ही भाषा सारख्याच वेगाने येतात आणि तिन्हींत ती माझ्याहून जास्त रागावते.

या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. दाताचं वरचं कवच हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. पण आंबटापुढे त्याचं काही चालत नाही. संगमरवरी ओट्यावर लिंबाची फोड विसरलात तर तिथे जसा चट्टा पडतो, तसंच दातावर होतं. साखरेची गोष्ट निराळी. साखर स्वतः काही करत नाही, तोंडातले जंतू ती खातात आणि आम्ल सोडतात, ते आम्ल दात पोखरतं. थंड पेयाच्या बाटलीत आंबट आणि गोड दोन्ही एकत्र असतं. म्हणजे घरफोड्याने येताना कुलूपवाल्यालाही बरोबर आणावं तसं. बिचारी लाळ दाताची डागडुजी करत असते, पण तिला वेळ लागतो. आणि माणूस तर बाटली मांडीत धरून घोट घोट पीत बसतो. दर घोटाला लाळेचं काम पहिल्यापासून सुरू. एका दमात प्यायलेल्या बाटलीपेक्षा दुपारभर चोखलेली बाटली जास्त नुकसान करते, हे मी हजारदा सांगितलं असेल. ऐकणारे मान डोलवायचे आणि खाली उतरून टायरवाल्याशेजारच्या टपरीवर थंडा मागायचे. माझ्या खिडकीतून ती टपरी दिसायची.

अडाणी लोकांची टिंगल करते आहे असं समजू नका. शिकलेल्यांचा मासला देते. डहाणूतले एक निवृत्त शिक्षक, सावे सर. शिस्तीचा माणूस. साखर सोडलेली, चहासुद्धा बिनसाखरेचा. ते एकदा दात शिवशिवतात म्हणून आले. पाहते तर समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार, दाढांवर खळगे, आतला पिवळेपणा उघडा पडलेला. कीड मात्र एकही नाही.

"सर, सकाळी उठल्यावर काय घेता?"

"लिंबूपाणी. कोमट, मध घालून." सरांचा चेहरा उजळला. "पाच-सहा वर्षं झाली. पेपर वाचता वाचता सावकाश घेतो. मग खसखसून ब्रश. मगच अंघोळ."

"म्हणजे आधी आंबटात दात भिजवता, नरम करता, आणि मग घासून काढता."

"पण डॉक्टर, लिंबू नैसर्गिक आहे!"

"सापाचं विषही नैसर्गिक आहे, सर."

सर दुखावले. मोबाइलवर आलेला एक लांबलचक संदेश त्यांनी मला वाचून दाखवला. त्यात लिंबूपाण्याने बऱ्या होणाऱ्या रोगांची यादी होती आणि शेवटी तो दहा जणांना पाठवायची आज्ञा. सरांनी ती पाळली होती. महिनाभराने ते मोठ्या आनंदाने सांगायला आले की लिंबू सोडलं. आता सफरचंदाचा व्हिनेगर घेतात.

असो. सरांना निदान स्वतःच्या दातांचा सत्यानाश करायचा अधिकार होता. ज्या पोरीची गोष्ट मला सांगायची आहे तिला तोही नव्हता.

तलासरीला बसायला लागून वर्ष उलटलं असेल. एका सकाळी मी पोचले तर जिन्याच्या पायरीवर एक बाई मांडीवर पोर घेऊन बसलेली. पोरीचं डोकं फडक्याने झाकलेलं. वनिताने फडकं बाजूला केलं आणि माझ्याकडे पाहिलं. वनिता रागावली नाही, म्हणजे काहीतरी मोठं होतं.

पोर तीन वर्षांचीही नसेल. उजवा गाल लाल, तंग, चकाकणारा. सूज वर चढून डोळा जवळजवळ मिटलेला. अंगात ताप. रडायचंही बळ नव्हतं तिच्यात, नुसती कण्हत होती. आईचं नाव ललिता. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या एका पाड्यावरची. नवरा मजुरीला बाहेरगावी. पोरीचं नाव मनीषा, घरात मनी.

मी मनीचा ओठ उचलला. वरचे पुढचे दात नव्हतेच. होते ते काळे खुंट, हिरडीच्या वर जेमतेम डोकावणारे. सुळ्याच्या मुळाशी पू झाला होता आणि तो आता डोळ्याच्या दिशेने निघाला होता. दाताचा पू खाली उतरला तर माणूस ओरडतो. असा डोळ्याकडे चढला तर डोक्यात शिरू शकतो, आणि मग ओरडायला माणूस उरत नाही. एवढ्या लहान पोरांच्या बाबतीत तर वाट बघायचीच नसते.

"किती दिवस झाले?"

"गाल परवा सुजला," ललिता म्हणाली. "दात तं आधीपासूनच काला. दुधाचा दात हाय, पडून जाईल, सगली बोलली."

सगळी बोलली! जिथे जाल तिथे ही 'सगळी' भेटतात. दुधाचे दात पडणारच, मग कशाला जपायचे, असं सांगणारी ही सगळी मंडळी पोराला ताप चढला की कुठे नाहीशी होतात, कोण जाणे.

मी खोलीला कुलूप लावलं, आलेल्या पेशंटना परत पाठवलं आणि दोघींना माझ्या गाडीत घातलं. सीमा ओलांडून गुजरातमध्ये लहान मुलांचं एक चांगलं इस्पितळ होतं, तिथले डॉक्टर ओळखीचे. वनिता मागे बसून मनीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. ललिता पुढे माझ्याशेजारी. गाडीत बसायची सवय नसावी, दरवाजाची कडी घट्ट धरून बसली होती.

मी विचारलं, "हिला बाटलीतून काय देता?"

"ऑरेंज."

"दूध?"

"दूध कुठला, बाय? मी कारखान्यात कामाला हाय. ऑरेंजच्या पिशव्या भरतो आम्ही. ज्या फुटत्या, गलत्या, त्या शेठ घरी नेऊ देतो. फुकट."

"रोज?"

"रोज. मी कामाला जाते तवा आजीकडं ठेवते हिला. रडली का बाटली तोंडात. गप ऱ्हाते. झोपते."

"बाटली तोंडात ठेवूनच?"

"हां."

माझा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप जोरात दाबला गेला. "अहो, पाणी द्यायचं ना! साधं पाणी!"

ललिताने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "पाणी? आमच्या विहिरीचा पाणी तुम्ही बघितला का, बाय? उन्हाल्यात नुसता चिखल. थोरली माझी पोरगी जुलाबांनी गेली. डागतर बोलला, पाणी खराब. तवा ठरवला, हिला त्या विहिरीचा पाणी नाय द्यायचा. ऑरेंज कंपनीचा हाय. सीलबंद. त्याच्यात फलाचा रस हाय, शेठ सांगतो."

वनिताने मागून माझ्या खांद्याला हात लावला. मी गाडीचा वेग कमी केला. या बाईने एक पोर गमावलं होतं आणि दुसरं वाचवायला तिला जे सगळ्यात स्वच्छ वाटलं ते ती पाजत होती. रागवायचंच तर रागवायची माणसं दुसरी होती.

मनी वाचली. इस्पितळात तिला शिरेतून औषधं दिली, पू काढला, आणि सूज ओसरल्यावर भूल देऊन वरचे पुढचे सगळे खुंट काढले. मी भेटायला गेले तेव्हा ती पाळण्यात उभी होती, दोन्ही डोळे उघडे. मला पाहून ती हसली आणि लगेच घाबरून रडायला लागली. हा क्रम माझ्या ओळखीचा आहे.

तिच्या शेजारच्या खाटेवर दुसऱ्या एका आजारी मुलाला भेटायला पाहुणे आले होते. त्यांनी येताना काय आणलं असेल? थंड पेयाची मोठी बाटली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची हीच पद्धत. आणि नावं तरी कोणाला ठेवू? दंतवैद्यांच्या सभेला गेले आहे मी, तिथे जेवणानंतर बर्फाच्या टबात काय ठेवलेलं असतं ते माझ्या व्यवसायबंधूंना विचारा.

त्या पिशव्यांबद्दल सांगायला हवं. वीतभर लांबीची प्लास्टिकची पिशवी, एक कोपरा दाताने फोडायचा आणि चोखायची. वर संत्र्याचं चित्र. संत्र्याशी संबंध तेवढाच. आत पाणी, साखर, रंग, वास आणि आंबटपणासाठी घातलेली पूड. या पिशव्या भरून घेऊन टेम्पो सकाळी निघायचा तो थेट डोंगरापर्यंत जायचा. ज्या पाड्यावर नळ पोचला नव्हता, एसटी पोचत नव्हती, तिथे हा टेम्पो बिनचूक पोचायचा. कार्यक्षमतेचा एवढा सुंदर नमुना मी सरकारी किंवा खासगी कुठल्याच कामात पाहिलेला नाही.

त्या कारखान्याचे मालक कांतिभाई. योगायोग म्हणा, ते माझेच पेशंट निघाले. डहाणूच्या दवाखान्यात वर्षातून एकदा दात साफ करून घ्यायला यायचे. मला ते कसल्या तरी कारखान्याचे मालक म्हणून माहीत होते, कसल्या ते मी कधी विचारलं नव्हतं. मनी घरी गेल्यावर महिन्याभरात ते आले. पांढरा सफारी, कपाळावर टिळा, तोंडात दात असे की शिकणाऱ्या मुलांना दाखवावेत. साठी उलटलेली आणि एकही भरलेली दाढ नाही.

मी साफसफाई करता करता म्हटलं, "कांतिभाई, दात फार छान ठेवलेत."

त्यांनी चूळ भरली. "पहिल्यापासून हां, बेन. आपल्या घरात ठंडा कोण पीत नाय. छास, पाणी, बस. माझी पोती आहे, नात, परी, तिला पण मना हाय."

"का बरं?"

"अरे बेन!" ते माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की मी डॉक्टर आहे की नाही याची त्यांना शंका आली असावी. "दात सडून जातात ने!"

हातातलं अवजार मी ट्रेमध्ये ठेवलं. मग मनीची हकिकत सांगितली. काही न वगळता सांगितली. गाल, डोळा, खुंट, ललिताची थोरली मुलगी, विहीर, फुटक्या पिशव्या. कांतिभाई नीट ऐकत होते. चेहऱ्यावर दुःख होतं, खोटं नव्हतं. मग ते म्हणाले, "आई-बापची चूक आहे ही. हे पाड्याचे लोक ब्रश नाय करत."

"बाटलीत ऑरेंज घालून झोपवलेल्या पोराला ब्रशने काही होत नसतं."

"हां, पण आपण काय त्यांना जबरदस्ती देतो? फुकट देतो, ते पण प्रेमानी." मग खुर्चीत सरळ बसत ते म्हणाले, "बेन, एक काम करू. पाड्याच्या शाळेत दातांचा कॅम्प घेऊ. मंडप, जेवण, ब्रश, पेस्ट, सगळा खर्च माझा. तुम्ही फक्त तपासा."

मी हो म्हटलं. त्या शाळेतल्या पोरांचे दात दुसऱ्या कोणी फुकट तपासून दिले असते असं मला वाटत नव्हतं, आणि तपासल्याशिवाय कुणाच्या तोंडात पू साठला आहे ते कळणार कसं?

शिबिराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मंडप, फुगे, एक भलामोठा फलक. फलकावर हसणारा दात, शेजारी कांतिभाईंचा फोटो. दाताचा आकार लहान होता. स्टेजवर खुर्च्या, हारतुरे, माइक. मुख्याध्यापक, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो, सकाळपासून घामाघूम. बाया पोरांना घेऊन आल्या होत्या. ललिताही आली होती, मनीला कडेवर घेऊन. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती आणि कामगारांनी हजर राहावं असा निरोप होता.

मी आणि वनिताने वर्गात टेबल मांडलं. एकेक पोर यायचं, तोंड उघडायचं. काय सांगू? चौथीतल्या मुलाची कायमची दाढ, साठ वर्षं टिकायची ती, मधोमध फुटलेली. पहिलीतल्या मुली एका बाजूने चावतात कारण दुसरी बाजू दुखते, आणि त्यांना वाटतं सगळे असेच चावतात. मी सांगत होते, वनिता कार्डावर लिहून पोरांच्या हातात देत होती.

दीड-दोन तास गेले असतील. एका मुलीने तोंड उघडलं आणि मला ते तोंड ओळखीचं वाटलं. माणसांची नावं मी विसरते, दात नाही.

"तू मघाशी येऊन गेलीस ना?"

मुलीने मान हलवली. जीभ बाहेर काढली. जीभ भगव्या रंगाची.

तिच्या मागची मुलगी, तिचीही जीभ भगवी. तिच्या मागचा मुलगा तर घाईने ओठ पुसत होता. वनिता ताडकन उठली आणि दाराबाहेर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "मॅडम, दात दाखवून बाहेर पडलं की पिशवी देतात. बर्फात ठेवलेल्या आहेत. कार्ड दाखवायचं आणि पिशवी घ्यायची. म्हणून पोरं परत परत रांगेला लागतात."

मी बाहेर आले. मंडपाच्या टोकाला मोठे खोके, त्यांत बर्फ, आणि कारखान्याचा मॅनेजर हसत हसत प्रत्येकाच्या हातात ऑरेंज ठेवत होता. पटांगणभर पोरं पिशव्या चोखत होती. आयुष्यात मी बरेच मूर्खपणाचे प्रकार पाहिले आहेत, पण तपासलेल्या प्रत्येक दातावर लगेच आम्ल ओतून द्यायची व्यवस्था असलेलं दंत शिबिर मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मी गुरुजींना गाठलं. "हे बंद करा. आत्ता."

गुरुजी हात जोडून म्हणाले, "मॅडम, पाहुणे स्टेजवर आहेत. सत्कार चाललाय. शाळेचे पत्रे त्यांनीच घालून दिलेत. पाच मिनिटं कळ काढा."

"मग मी माइकवर बोलते."

"मॅडम, प्लीज."

आमचं हे चाललेलं असतानाच ते घडलं. कांतिभाईंची नात परी, सहा-सात वर्षांची, झालरीचा फ्रॉक घालून स्टेजवर आजोबांशेजारी बसली होती. भाषणं ऐकून कंटाळली असणार. बाकीची पोरं काहीतरी थंडगार चोखताहेत हे तिला दिसत होतं. ती खुर्चीवरून उतरली, पायऱ्यांवरून धावत खाली आली आणि रांगेत न थांबता मॅनेजरपुढे हात केला. मालकाची नात म्हटल्यावर मॅनेजरने बर्फातली सगळ्यात गार पिशवी शोधली आणि कोपरा स्वतः फोडून दिली.

कांतिभाई तेव्हा माइकसमोर उभे राहून आरोग्य हीच संपत्ती असं काहीतरी म्हणत होते. त्यांनी ते पाहिलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले.

"ए! एने नहीं आपवानुं! लई ले, लई ले एना पासेथी!"

तिला द्यायचं नाही, काढून घे तिच्याकडून. माइक चालू होता. कर्ण्यातून ते वाक्य पटांगणावर, शाळेच्या पत्र्यांवर, पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेलं. तलासरीत गुजराती कळत नाही असा माणूस नाही. मॅनेजरने घाबरून पिशवी हिसकावली. परी भोकाड पसरून रडायला लागली. बाकी सगळं पटांगण वळून स्टेजकडे बघायला लागलं.

मी बोलायला तोंड उघडणार तोच बायांमधून आवाज आला. ललिता उभी राहिली होती. ओरडून बोलली नाही. पण एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"शेठ, तुमच्या पोरीला का नाय?"

कांतिभाईंनी माइकवरचा हात काढला.

ललिताने मनीला कडेवर जरा वर घेतलं आणि पुन्हा विचारलं, "आमच्या पोरांला चालतो, तुमच्या पोरीला का नाय?"

गुरुजी धावत माइककडे गेले आणि त्यांनी आभारप्रदर्शन सुरू केलं. आभारप्रदर्शनाचा शोध बहुधा अशाच प्रसंगांसाठी लागला असावा. पण बाया उठल्या होत्या. काहींनी पोरांच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या, मातीत ओतल्या. पोरं रडली, काहींनी मार खाल्ला, काही पिशव्या घेऊन पळून गेली. फार मोठी क्रांती झाली असं मी सांगणार नाही. मंडप सोडणाऱ्यांनी उरलेलं ऑरेंज पिऊन टाकलं, हेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ललिता कामावर गेली तर मॅनेजर म्हणाला, सध्या काम कमी आहे. काम नेमकं तिच्यापुरतंच कमी झालं होतं. कांतिभाई त्यानंतर माझ्याकडे कधी आले नाहीत. एवढे सुंदर दात पाहायला मी मुकले. त्यांचा कारखाना व्यवस्थित चालला. पुढच्या उन्हाळ्यात पिशवीवर संत्र्याच्या जोडीला 'व्हिटॅमिन सी युक्त' अशी अक्षरं आली. हे व्हिटॅमिनही आम्लच असतं, म्हणजे आणखी थोडं आम्ल घातलं आणि त्याचीच जाहिरात केली. शाळेच्या फाटकासमोर टेम्पो उभा करू नये असा ठराव ग्रामसभेत झाला, तेव्हापासून टेम्पो वळणावर उभा राहायला लागला. कायदा मोडला नाही.

पण त्याच ग्रामसभेत ललिता आणि पाड्यावरच्या बाया पाण्याबद्दल बोलायला उठल्या. ऑरेंज नको म्हणता, मग पोरांनी प्यायचं काय, असं त्यांनी विचारलं, आणि दर सभेला विचारत राहिल्या. वनिता त्यांच्याबरोबर जायची, अर्ज वाचून दाखवायची, भांडायची. शेवटी पाड्यावर बोअर आली, शाळेत पाणी गाळायचं यंत्र बसलं. यंत्रावर देणगीदाराची पाटी आहे. कोणाची असेल? कांतिभाईंचीच. माणूस हुशार. मला राग आला होता, पण वनिता म्हणाली, "मॅडम, पाणी चांगलं आहे ना? मग पाटीकडे बघू नका." मी एक पेला भरून प्याले. पाणी खरंच चांगलं होतं.

ललिताला डहाणूजवळ चिकूच्या वाडीत फळं निवडायचं काम वनिताने मिळवून दिलं. ती मनीला घेऊन अधूनमधून दवाखान्यात यायची. तिचा प्रश्न एकच असायचा. "नवा दात येईल ना, बाय?"

येईल, असं मी सांगायचे. पण दुधाचे दात एवढ्या लवकर गेले की आतून येणारे कायमचे दात उशीर करतात. हिरडी वरून जाड होते, त्यांना वाट सापडत नाही. मनी पाच वर्षांची झाली, सहा वर्षांची झाली, समोर नुसती गुलाबी हिरडी. शाळेत पोरं तिला म्हातारी म्हणायची. ती हसताना तोंडावर हात ठेवायला शिकली. इस्पितळाच्या पाळण्यात तोंड उघडून हसलेली पोर! भाकरी, काकडी, शेंगा, काहीही असो, पुढून चावायचं कसं हे तिला ठाऊकच नव्हतं. सगळं दाढेकडे सारायची, नाहीतर आईने तोडून द्यायचं.

२०१९ चा पावसाळा संपत आला होता. मी आणि वनिताने दवाखाना आवरायला घेतला होता, अर्ध्या वस्तू बाहेर काढून ठेवल्या होत्या. ललिता आणि मनी आल्या. ललिताच्या हातात पिशवी, पिशवीत पाड्यावरच्या जाडजूड पिवळसर काकड्या. मनी तोंडावर हात धरून उभी.

"काढ हात," ललिता म्हणाली.

मनीने हात काढला. वर मधोमध दोन दात. मोठे, कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेले, नव्या दाताला असतात तसे. जरा वाकडे आले होते. मी आरसा घेतला, दिवा लावला, सगळीकडून पाहिलं. कुठे डाग नाही.

"हे पन पडतील का, बाय?" ललिताने विचारलं.

"नाही. हे आता हिचेच. म्हातारी होईपर्यंत."

मनीने हे ऐकून घेतलं. मग आईच्या पिशवीतून एक काकडी उचलली, न धुता, न विचारता, आणि पहिल्यांदाच दाढेकडे न सारता सरळ समोर धरली. थोडी बिचकली. मग चावली. कचकन आवाज झाला. तिने काकडी तोंडापासून लांब धरून पाहिलं. पिवळसर सालीवर दोन दातांच्या दोन खुणा अगदी स्वच्छ उमटल्या होत्या. त्या तिने आधी आईला दाखवल्या, मग वनिताला, मग मला, आणि आम्ही तिघी बघतोय याची खात्री झाल्यावर पुन्हा चावली.